तीस होऊ द्या, काका

तुकोगंजातल्या ज्या ऑफिसात मी नोकरीला होतो, तिथून सोयाबीनची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, परदेशी जायची. ढेपेशी माझा संबंध वासापुरता. माझं मुख्य काम म्हणजे सकाळी टेलेक्सवर आलेला डॉलरचा भाव दाराजवळच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचा. दुसऱ्यानं कळवलेला आकडा उतरवायला अक्कल लागत नाही, पण रोज लिहून लिहून मला वाटायला लागलं की भाव मीच ठरवतो. सुदामा नगरात आमच्या गल्लीत मला ‘डॉलर भिया’, म्हणजे डॉलरवाला भैया, म्हणत. ती टिंगल होती हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी ती पदवी समजून मिरवली.

शेजारचे काका कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे, होते. लूम कुठं अडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. पण मिल बंद पडून वर्ष झालं होतं. गेटवर ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’ असा कागद चिकटवलेला होता आणि काका रोज सकाळी सायकलवर जाऊन तो वाचून यायचे.

“पाठ झाला असेल की आता तो कागद,” काकू म्हणायच्या.

“एखादी ओळ वाढली असली तर?” काका म्हणायचे, आणि पायडल मारायचे.

त्यांचा अमेरिकेतला भाचा सुट्टीत येऊन गेला तेव्हा मामांच्या हातात एक पाकीट ठेवून गेला. आत हजार डॉलर. असे डॉलर घरात ठेवणं कायद्यात बसतं का, हे डॉलर भियाला माहीत असायला हवं होतं. नव्हतं. मी ते पाकीट रुबाबात माझ्या ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतलं. “तुमच्याकडे उंदीर आहेत,” असंही वर सांगितलं.

आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरची पिठाची चक्की विकायला निघाली. मालक गावी शेतीकडे परत चालला होता. मोटर, दगड, तराजू, बांधलेली गिऱ्हाइकं, सगळं मिळून बावीस हजार. पंधरा दिवसांची मुदत. काका दोनदा जाऊन चक्कीचा पट्टा हातानं चाचपून आले. वर्षभरात त्यांच्या नखांत पहिल्यांदा ग्रीस दिसलं. पण डॉलर होता एकवीसचा. हजार रुपये कमी पडत होते.

एक्क्याण्णवच्या जुलैत सरकारनं रुपया खाली आणला. डॉलर तेवीसवर गेला. संध्याकाळी काका माझ्या आधी माझ्या ओट्यावर हजर.

“भिया, अब तो हो गया ना? पुरतात आता. उद्या बदलून आण.”

‘आणतो’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण ओट्यावर आणखी तिघं-चौघं बसले होते, आणि चारचौघांत मी एका शब्दावर कधी थांबलेलो नाही.

“काका, घाई कशाला? दोन दिवस थांबा. अजून वर जाणार.”

हे मी कशावरून म्हटलं? कशावरूनच नाही. पण दोन दिवसांनी सरकारनं रुपया पुन्हा पाडला आणि डॉलर पंचवीसच्या पुढे गेला. गल्लीनं मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. काकूंनी वाटीभर शिरा पाठवला. काका म्हणाले, “मान गए भिया! आता बास. आण बदलून.”

“तीस होऊ द्या, काका. चक्की येईल आणि वर हाती भांडवल राहील.”

खरं सांगायचं तर त्यांच्या भांडवलाचं मला काही पडलं नव्हतं. एक भाकीत खरं ठरलं होतं, मला दुसरं हवं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. थांबा म्हटलं की थांबायची त्या माणसाला वर्षभरात सवय लागली होती. मिलच्या गेटनं लावली होती, मी ती वापरली.

त्यानंतर डॉलर जो बसला तो हलेचना. रोज काका विचारायचे, “काय भिया, आज?” आणि मी म्हणायचो, “बस, होतच आलंय.” मुदत संपली आणि सोळाव्या दिवशी चक्की दुसऱ्याच कुणीतरी घेतली. काकू डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन आमच्या दारावरून गेल्या. “डॉलर भिया, दळायला चाललेय. तुझं काही दळायचंय?”

काका गल्लीत सांगत फिरले, “मीच थांबलो. लालच बुरी चीज आहे.” मी शेजारीच उभा असायचो. एकदाही म्हटलं नाही, की काका, लालच तुमची नव्हती.

ते विजय नगरात एका बिल्डिंगवर चौकीदारीला लागले. पाकीट त्यांनी पुन्हा मागितलं नाही, ते कपाटातच राहिलं. आणि दोनेक वर्षांनी एका सकाळी फळ्यावर एकतीस लिहिताना, सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला. मी शंभर ग्रॅम पेढे घेऊन काकांकडे गेलो. “म्हटलं नव्हतं? एकतीस! सहा हजार सुटले, काका!”

काकांनी पेढा घेतला. “चल, बदलून आणू,” एवढंच म्हणाले.

येताना नोटांची थैली काखेत धरून ते चक्कीपाशी थांबले. नव्या मालकाला विचारलं, “विकता का?”

तो हसला. “काय काका! आता पन्नासालाही नाही देणार. कॉलनी किती वाढलीय बघा.”

काकांनी पडत्या पिठाखाली हात धरला, चिमटीत चोळलं, मग डोळे मिटून मोटरचा आवाज ऐकला. “जाड पडतंय. दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावायला हवी. पट्टाही ढिला आहे.”

“तुम्हाला येतं? मग लावून द्या ना. मजुरी देतो.”

काकांनी थैली माझ्या हातात दिली, चौकीदाराच्या खाकी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चक्की बंद करायला सांगितली. माझ्या खिशात सहा हजारांचा हिशोब लिहिलेला कागद होता. माफी मागायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती, हे मला तिथंच कळलं होतं.

“थैली काकूकडे दे,” काका दगडावर वाकून म्हणाले, “आणि तू जा बेटा, ऑफिसात वाट बघत असतील.”

आणि मी गेलो.