सुनंदाताईंची कर्सरची तक्रार

मित्रांनो, आज मन खट्टू आहे.

लोहाऱ्याच्या एका जिनिंगमधला कापसाच्या वजनाचा प्रोग्राम मी बनवलेला. तिथल्या ऑपरेटर सुनंदाताई महिनाभर फोनवर सांगत होत्या, "भाऊ, वजन टाकून राह्यली तं कर्सर आपोआप दुसऱ्या रकान्यात पयते."

मी म्हणायचो, "ताई, स्क्रीनकडे पाहून टाइप करा."

आज तिथं गेलतो. चुका करतात म्हणून ताईंना गेटवर बसवलं होतं. त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. स्क्रीनवर मधेच येणारी सूचनेची खिडकी बंद झाली, की कर्सर खरंच वजन सोडून ओलाव्याच्या रकान्यात जात होता. चूक माझीच. दहा मिनिटांत दुरुस्त झाली.

मालकांना सांगितलं, चूक ताईंची नव्हती. ते म्हणाले, "आता त्यांच्या जागी नवा माणूस ठेवला ना."

गेटवर जाऊन माफी मागितली. ताई एवढंच बोलल्या, "तवाच येऊन पाह्यलं असतं तं?"

समोरच्याचं ऐकण्याआधीच आपण त्याला चुकीचं कायले ठरवतो?