हाताची डॉक्टरीण आयर्लंडला जाते

"तुमी नका हात लावू. त्यांना करू द्या."

असं म्हणून ती नातेवाइकाचं मनगटच धरून ठेवायची. समोर पक्षाघातातून उठलेले म्हातारबाबा बंडीच्या एका बटणाशी झगडत असायचे, त्यांची सून रडकुंडीला यायची, बाहेर बाकावर रांग वाढायची, आणि ही आपली शांत. शहापूरच्या आमच्या छोट्या रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आणि ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. खोली एकच, मधे पडदा. अशा माणसाबरोबर तुम्ही कधी काम केलं असेल, तर माझी अवस्था वेगळी सांगायला नको.

मी लोकांना चालायला लावायचे. ती अंघोळ, जेवण, भाकरी थापणं अशी रोजची कामं पुन्हा जमवून द्यायची. त्यापायी खोलीत सूप, पाटा, खुरपी काय काय येऊन पडलं होतं. एकदा तर तिनं घमेलंभर चिखल आणला आणि एका आजींना त्यात भाताची रोपं लावायला बसवलं. चिखल माझ्या नव्याकोऱ्या गादीपर्यंत आला. मी ओरडले, तर म्हणाली, "ताई, आजीला घरी जाऊन सायकल चालवायची नाय, आवणी करायचीय."

धसईच्या पुढच्या खेड्यातली ही मुलगी. घरी भातशेती. रुग्ण तिला 'हाताची डॉक्टरीण' म्हणायचे. तिनं आयर्लंडला नोकरीला जायचं ठरवलं आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. इंग्रजी बोलायची परीक्षा होती, म्हणून सराव रुग्णांवरच. सापगावचे एक काका दुखरा खांदा घेऊन आले, तर त्यांना "हाउ आर यू टुडे?" काका घाबरून माझ्याकडे वळले, "काय सांगत्यात ह्या? ऑपरेशन हाय का?"

शेवटी ती पास झाली, व्हिसा आला, तिकीट निघालं. मी मनात म्हटलं, सुटले.

तेवढ्यात एक बाई येईनाशी झाली. गावाबाहेरच्या वाडीतली, नवरा नसलेली, पदरात दोन मुली. लाकडं फोडताना डाव्या हातावर कोयता बसला होता. ठाण्याला बोटांच्या शिरा जोडून घेतल्या होत्या आणि आमच्या या मॅडमनी हाताला आधाराची प्लास्टिकची पट्टी करून दिली होती. चौकशी केली तर कळलं, बाई मुरबाडच्या बाजूला वीटभट्टीवर गेली.

"ताई, स्कूटर काढा," ती म्हणाली.

"अगं, आठवड्यावर विमान आलंय तुझं! सामान भरलंस का?"

"भरीन. आधी चला."

भट्टीवर ती बाई भर उन्हात विटा उचलत होती. पट्टी झोपडीच्या मेढीला लटकत होती.

"गरम व्हतं गो त्यात," बाई खाली बघत म्हणाली.

मला वाटलं, आता ही चिडेल. ती विटांच्या चळतीवर बसली आणि बाईचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट बघू लागली. "अजून तुटली नाय शीर," ती म्हणाली. "पण अशीच विटा उचलशील तर तुटंल."

"आज काम नाय केलं तर पोरींना काय घालू?"

आमची डॉक्टरीण उठली आणि सरळ मुकादमाकडे गेली. तासभर त्याचं डोकं खाल्लं. अखेर तो वैतागून म्हणाला, "बरं बाई, मारू दे तिला एका हातानं मातीवर पाणी. पण तुमी जा आता!" त्या घटकेला मला त्याची फार कीव आली.

परतताना मागून आवाज आला, "ताई, मी तिकीट पुढं ढकलते."

मी रस्त्यातच स्कूटर थांबवली. "डोकं ठिकाणावर आहे का? तिकडची नोकरी गेली तर?"

"जाईल ना. माहितीय मला." ती म्हणाली. "पण हे पंधरा दिवस नाजूक आहेत. आता शीर तुटली तर तो हात परत मिटायचा नाय."

तिनं आयर्लंडला फोन लावला. तिकडचेही हिच्यासारखेच निघाले, हो म्हणाले. मग रोज एस.टी. आणि पुढं पायपीट करून ती भट्टीवर जायची. तिला विमानतळावर सोडायला मीच गेले. निरोपाचं काहीतरी बोलावं म्हणून मी घसा साफ केला, तोवर हिचं सुरू, "ताई, तिची करंगळी आखडतेय. दर आठवड्याला जाल ना?"

"जाते गं बाई. तू आत जा आधी!"

गेले. विटांची धूळ खात, हिला शिव्या घालत, दर आठवड्याला गेले.

तिकडून एकदा तिचा फोन आला. "ताई, इथं एक आजोबा आहेत. घरात एकटेच. मी मनगट कुणाचं धरू? हात लावायला दुसरं माणूसच नाय घरात." मी विचारलं, "जेवलीस का?"

पाऊस लागल्यावर ती वाडीतली बाई शहापूरच्या बाजारात शेवळांची रानभाजी विकायला आली होती, ती तशीच आमच्याकडे आली. मी खुर्ची पुढं केली. "बस. हात बघू."

"ती नाय आली अजून?"

"परदेशात. दोन वर्षं तरी यायची नाही."

"मंग ती आल्यावरच दाखवीन."

"अगं, मी आले नाही का भट्टीवर? दर आठवड्याला?"

"तुमी आलाव," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, "पण तुमी लय घाई करता."

ती उठली, वाकली आणि दोन्ही हातांनी टोपली डोक्यावर घेतली. डाव्या हाताची तीन बोटं काठाला घट्ट धरून होती. करंगळी तेवढी ताठच राहिली होती.