मुक्ताबाईंचे साडेचार गुण

नेरूळच्या एका शाळेत बावीस वर्षं शिपाई म्हणून काम करून मुक्ताबाई साळवे निवृत्त झाल्या, तेव्हा शाळेने त्यांना साडी दिली, फुलांचा गुच्छ दिला आणि मुख्याध्यापिकांनी चार शब्द बरे बोलून दाखवले. मावशी वक्तशीर होत्या, मावशी कधी उलटून बोलल्या नाहीत, वगैरे. मावशींना बुद्धिबळ येतं, हे मात्र कुणीच म्हणालं नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं. तसं ते मुक्ताबाईंनाही नीटसं ठाऊक नव्हतं. तोवर त्या कुणाशी एकही डाव खेळल्या नव्हत्या.

झालं होतं ते असं. त्या शाळेत दर शनिवारी मधुकर सरांचा बुद्धिबळाचा वर्ग भरायचा. सकाळी लाकडी बाकांवर वीस पट मांडायचे, सोंगट्या लावायच्या आणि दुपारी सगळं आवरून कपाटात ठेवायचं, हे काम मुक्ताबाईंकडे. घंटा झाली की मुलं डाव अर्धवट टाकून डब्याकडे पळायची. पटावर जे जसं असेल ते तसंच राहायचं. पहिली दोन वर्षं मुक्ताबाईंनी सोंगट्या नुसत्या ओंजळीने गोळा केल्या. मग घोडा अडीच घरं कसा जातो, उंट तिरका का जातो, हे फळ्यावर फडकं मारता मारता कानावर पडत गेलं. पुढे पुढे अर्धा डाव दिसला की त्यांचा हात थांबू लागला. पांढरा जिंकतोय की काळा, आणि कसा, हे उमगल्याशिवाय पट उचलवेना. वीस बाक म्हणजे वीस डाव. एखादा फारच अडला तर त्या झाडू भिंतीला टेकवून उभ्या राहायच्या.

"मावशी, अजून आवरलं नाही का? मला कुलूप लावायचंय," सर दारातून ओरडायचे.

"झालंच सर," म्हणत त्या घाईने राजा-वजीर पिशवीत टाकायच्या. असं सतरा वर्षं चाललं.

मुक्ताबाई मूळच्या जालन्याकडच्या. न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं त्या सुमारास नवरा, भगवान, तिथे कामाला लागला आणि दोघं शिरवण्यात एका खोलीत येऊन राहिली. भगवान जाऊन आता नऊ वर्षं झाली. मुलगी संघमित्रा बंदराजवळच एका कस्टम एजंटच्या ऑफिसात काम करते. खोलीच्या जागी आता दोन खोल्या आहेत, खाली मिथुनचं इस्त्रीचं दुकान आहे. निवृत्तीनंतर शनिवार आला की मुक्ताबाईंना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एकदा कपडे द्यायला खाली गेल्या तर मिथुन दुपारच्या वेळी मोबाइलवर बुद्धिबळ खेळत बसलेला. त्या मागे उभ्या राहून बघत राहिल्या आणि न राहवून म्हणाल्या, "तो हत्ती नको उचलू. मागचं प्यादं उघडं पडतंय."

मिथुनने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो एक प्लास्टिकचा पट घेऊन आला. मग चार वर्षं, दुपारी दोन ते चार, इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांचा डाव मांडलेला. पहिले सहा महिने मिथुन जिंकायचा. नंतर त्याने मोजायचं सोडून दिलं.

यंदा जानेवारीत सीवूड्सच्या स्टेशनबाहेर त्याला फलक दिसला. शनिवार-रविवार, आठ फेऱ्या, सगळ्या वयोगटांसाठी खुली प्रादेशिक स्पर्धा. त्याने फोटो काढून आणला.

"मावशी, नाव टाकून देऊ का तुमचं?"

"मला काय करायचंय तिथं जाऊन? लेकरं असतात तिथं."

"मग काय झालं? लेकरांकडूनच तर शिकल्या ना तुम्ही."

संघमित्राने त्याच संध्याकाळी ऑनलाइन अर्ज भरून टाकला. आईला सांगितलं, "टेन्शन घेऊ नको. नाही जमलं तर घरी येऊ."

शनिवारी सकाळी सभागृहात एकशे अठरा खेळाडू होते. मुक्ताबाईंना बसायला मिळाला शेवटून तिसरा पट, आणि समोर बसली नऊ वर्षांची क्षिप्रा, दोन वेण्या घातलेली. खुर्चीवर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दोघींच्या मध्ये घड्याळ. प्रत्येकीला पंधरा मिनिटं, चाल केली की आपल्या बाजूची कळ दाबायची. मुक्ताबाईंनी असल्या घड्याळांचे सेल कितीतरी वेळा बदलले होते, पण दाबायची वेळ कधी आली नव्हती. मिथुनच्या टेबलावर घड्याळ कुठलं असणार? त्या चाल करायच्या, हात मांडीवर घ्यायच्या आणि क्षिप्राच्या चालीची वाट पाहत बसायच्या. क्षिप्राही बसून राहायची. वेळ मुक्ताबाईंचाच जात होता. मध्येच त्यांच्या लक्षात यायचं, कळ दाबली जायची, पुन्हा विसर. वीस-बावीस चालींत त्यांनी त्या पोरीचा एक उंट आणि दोन प्यादी घेतली होती, आणि तेवढ्यात क्षिप्राने बोट दाखवलं. "आजी, तुमचा टाइम संपला."

पंच आले, बघितलं, क्षिप्राला गुण दिला. क्षिप्राने शेकहँडसाठी हात पुढे केला. मुक्ताबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. बाहेर संघमित्रा मात्र उखडली होती. "लहान मुलीनं सांगायला नको का, की आजी, बटन दाबा?"

"का सांगावं? तिचं ध्यान होतं, माझं नव्हतं," मुक्ताबाई म्हणाल्या आणि डब्यातली अर्धी पोळी खाऊन पुन्हा आत गेल्या.

दुसऱ्या फेरीपासून त्यांनी एक युक्ती काढली. ज्या हाताने सोंगटी हलवायची, तो हात मांडीवर न नेता थेट घड्याळाकडे. दुसरा डाव जिंकला, तिसराही. तिसऱ्या डावानंतर निकालाच्या चिठ्ठीवर सही करायला त्या पंचांच्या टेबलाशी गेल्या तेव्हा मुख्य पंचांनी चष्मा वर सरकवला. मधुकर सर. केस पांढरे झालेले, आवाज तोच.

"मावशी? तुम्ही इथे? नातवंडाला घेऊन आलात का?"

"नाही सर. मीच खेळते."

सरांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. साळवे मुक्ताबाई भगवान. सतरा वर्षांत त्यांनी हे नाव कधी विचारलं नव्हतं, आणि सकाळपासून यादीत तीनदा समोर येऊनही ओळखलं नव्हतं.

"कुठे शिकलात?"

"तुमच्याच वर्गात की. पट आवरताना. पोरं अर्धं सोडून जायची, ते बघत बघत."

मागे रांग लागली होती, तरी सरांनी चिठ्ठी हातातून सोडली नाही. मग म्हणाले, "आणि मी तुम्हाला कुलपासाठी घाई करायचो."

"त्याचंच तर वाईट वाटायचं," मुक्ताबाई हसून म्हणाल्या. "एक डाव असा होता, दोन घोडे आणि कोपऱ्यात राजा. तो मला अजून सुटलेला नाही."

"सांगा, कसा होता?" सरांनी कागद ओढला. चौथ्या फेरीची घोषणा दुसऱ्या पंचाला करावी लागली.

चौथी फेरी मुक्ताबाई हरल्या. शनिवारअखेर चारपैकी दोन गुण.

रविवारी पाचवा डाव त्यांनी सहज जिंकला आणि सहाव्या फेरीत त्यांची गाठ पडली केयूरशी. केयूर वाशीचा, तिशीचा, सॉफ्टवेअर कंपनीत, मानांकन असलेला खेळाडू. शनिवारी दोन डाव हातचे घालवून तो खाली घसरला होता आणि आता पटापट गुण गोळा करायच्या बेतात होता. तो भराभर खेळत होता. पंधराव्या चालीला मुक्ताबाईंचा घोडा गेला, पाठोपाठ एक प्यादं. त्यांनी बराच वेळ पटाकडे बघितलं. डाव गेलेला होता, यात शंका नव्हती. आता एवढंच बघायचं होतं, की जायच्या आधी काय करता येतं.

त्यांनी राजा कोपऱ्यात नेला आणि जे जे मारामारीत जाईल ते ते जाऊ दिलं. केयूरला वाटलं, काकू घाबरल्या. त्याने आनंदाने वजिराला वजीर दिला-घेतला. अखेर मुक्ताबाईंकडे उरलं कोपऱ्यातला राजा, समोर केयूरच्या प्याद्याने अडवलेलं एक प्यादं आणि एक हत्ती. राजाला हलायला घर नाही, प्याद्याला वाट नाही. हलू शकत होता तो फक्त हत्ती. त्यांनी तो उचलून सरळ केयूरच्या राजाला खेटून ठेवला आणि शह दिला.

केयूर हत्ती मारायला गेला आणि हात हवेत थांबला. हत्ती मारला, तर मुक्ताबाईंना खेळायला चालच उरत नव्हती. राजाला शह नाही आणि हलायला जागाही नाही, म्हणजे बरोबरी. त्याने राजा बाजूला घेतला. हत्ती मागोमाग आला. शह. पुन्हा बाजूला. शह. राजा पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला आणि हत्ती त्याच्या अंगाला चिकटून गेला. शेजारच्या पटांवरचे डाव संपले तशी माणसं येऊन उभी राहिली. केयूरच्या घड्याळात पन्नास सेकंद उरले तेव्हा त्याने श्वास सोडला, हत्ती मारला आणि हात पुढे केला.

"काकू, हे तुम्हाला कधी दिसलं?"

"घोडा गेला तवाच वाटलं, आता जिंकायचं तर नाही, मग असंच काहीतरी करावं. दिसलं मात्र तुम्ही वजीर घेतला तेव्हा."

केयूरने सोंगट्या पुन्हा मांडल्या. आपण कुठे चुकलो ते त्याला बघायचं होतं. दोघं पुढची फेरी लागेपर्यंत त्यातच बुडाले होते. संघमित्रा केळं घेऊन दारात उभी राहिली ती उभीच राहिली.

सातवी फेरी मुक्ताबाई अठरा चालींत हरल्या. आठवीत पनवेलच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याशी खेळताना त्यांनी एक प्यादं हळूहळू पुढे रेटत शेवटच्या घरापर्यंत नेलं, त्याचा वजीर केला आणि डाव जिंकला.

निकाल लागले. पहिला आला खारघरचा सतरा वर्षांचा मुलगा, आठपैकी साडेसात गुण. क्षिप्राला दहा वर्षांखालच्या मुलींत दुसरं बक्षीस मिळालं आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मुक्ताबाई पुढे होत्या. त्यांचे साडेचार गुण, एकूण क्रमांक एक्केचाळीस. साठ वर्षांवरच्या गटात चौथा. बक्षिसं तीनच होती.

"अर्ध्या गुणानं गेलं आई," संघमित्रा म्हणाली. "पहिल्या डावात नुसतं बटन दाबलं असतंस तर."

"ते त्या पोरीचं होतं, तिला मिळालं. माझं मला मिळालं."

मधुकर सरांनी समारोपात स्पर्धेचा आढावा वाचून दाखवला. किती खेळाडू, किती गावं, कोणते डाव रंगले. त्यात त्यांनी सहाव्या फेरीचा सव्विसावा पट घेतला आणि मुक्ताबाई भगवान साळवे, शिरवणे, असं पूर्ण नाव सावकाश वाचलं. बक्षीस नव्हतं, तरी माणसांनी मागे वळून बघितलं. मुक्ताबाईंनी पदर सारखा केला.

नंतर मायलेकी स्टेशनसमोरच्या हॉटेलात डोसा खायला बसल्या. संघमित्राला वाटलं, आता केयूरच्या डावाचं ऐकायला मिळणार. पण मुक्ताबाईंनी मिठाची आणि मिरपुडीची डबी टेबलाच्या मधोमध ओढली.

"हा माझा घोडा, हा त्याचा उंट," त्या म्हणाल्या. "सातव्या डावात मी घोडा लई लवकर पुढं नेला. बघ, इथंच माझं बिघडलं."

संघमित्राला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने चटणीची वाटी बाजूला सरकवून जागा करून दिली आणि ऐकू लागली.