अण्णांची काळी पाच

आमच्या कीबोर्डवाल्या सलीमचा फोन आला तेव्हा मी एका लग्नाच्या मांडवात शिडीवर चढून शेवंतीच्या माळा सोडत होते. "शिडीवर आहे रे, पटकन बोल," म्हटलं. तर तो म्हणाला, "मग आधी खाली उतरा, शोभाताई." उतरले. "अण्णा गेले... सकाळी, झोपेतच." लग्नघर काय थांबणार होतं थोडंच? उरलेल्या माळाही मीच लावल्या. कशा लावल्या, ते आता आठवत नाही.

पाच-सहा आठवडे झाले त्याला. वसंतअण्णा म्हणजे पंचवटीतले लेडीज टेलर. दिवसभर ब्लाउज शिवायचे आणि संध्याकाळी छातीशी अ‍ॅकॉर्डियन धरून चाली बांधायचे. माझी त्यांची ओळख झाली ती भांडणातून. बाही घट्ट शिवली म्हणून मी दुकानात जाऊन असा काही आवाज लावला, की समोरचा पानवाला बाहेर येऊन उभा राहिला. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बाही उसवायला घेतली आणि मान वर न करता विचारलं, "गाता का हो तुम्ही?"

गात होते कसली! मखमलाबादच्या फुलवाल्यांची पोर मी. मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारून गळा तापलेला, एवढंच. पण नव्वदच्या दशकातले ते दिवस होते आणि अण्णांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. मुंबईच्या एका बँडवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, की खरा कॅबरे म्हणजे सिनेमातला नाच नव्हे. छोटा हॉल, टेबलं मांडलेली, लोक खाता-पिताहेत आणि गाणारी त्यांच्यात फिरून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतेय. "हे नाशकात का नको?" अण्णांनी ठरवलं. कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलचा वरचा हॉल दर शनिवारी संध्याकाळी मिळाला. गाणी लिहायला कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मेधाताई, कीबोर्डवर सलीम आणि गायला मी. झाली की कंपनी!

घरी मात्र रणकंदन. कॅबरे हा शब्द ऐकून आई थेट अण्णांच्या दुकानात जाऊन धडकली. "त्याच्यात अंगावर कपडे राहत्यात का नाय?" तिनं सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं. अण्णा हातातली कात्री खाली ठेवून म्हणाले, "मावशी, कपडे मीच शिवणार हाये. गळ्यापासून घोट्यापर्यंत. तुम्ही स्वतः येऊन बघा." आई आली, पहिल्या टेबलावर बसली, दोन प्लेट भजी खाल्ली आणि जाताना म्हणाली, "लय झाक हाय. पण ती बाही जराशी लांब कर."

काय दिवस होते! मेधाताई आठवडाभराच्या बातम्यांवर गाणी लिहायच्या. सिन्नरच्या जीपमध्ये माणसं कशी कोंबतात त्यावर एक, कांद्याच्या भावावर एक. एकदा लासलगावचे व्यापारी टेबल अडवून बसले होते. मी त्यांच्यातल्याच एकाच्या खांद्यावर हात ठेवून "कांदा रडवी सगळ्या गावा, कांद्याला मग रडवी कोण?" असं सुरू केलं, तर तो गृहस्थ लाजून टेबलाखाली जायचा बाकी राहिला. नंतर पुढचे कित्येक शनिवार बायकोला घेऊन येत होता.

अण्णांची एक शिकवण होती, ती दुकानातली पण आणि स्टेजवरची पण. "गिऱ्हाईक जाड झालं असं कधी म्हणायचं नाही, कापड आटलं म्हणायचं." दोन बाळंतपणांनंतरही माझे स्टेजचे कपडे मला नीट बसत राहिले. मी आपली खूश, की शोभा, तू काही सुटली नाहीस हं. शिवणी कोण सैल करत होतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली. कळल्यावर भांडले, अर्थातच. "कापड आटलं होतं," म्हणाले.

मग माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ. डॉक्टर म्हणाले, गाता येईल, पण आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगता येत नाही. मी काळी पाचमध्ये गाणारी, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीला माझा सा. मला स्वतःला पेटीवरचं ओ की ठो कळत नाही. अण्णांनी सूर द्यायचा आणि मी तो धरायचा, एवढंच ठाऊक. पण काळी पाच हा माझा मान होता. दवाखान्याच्या खाटेवरूनच मी सांगून टाकलं, "काळी पाच सुटली की स्टेज सुटलं, अण्णा. लोकांनी दयेनं टाळ्या वाजवलेल्या मला नाही चालायच्या. गुमान फुलं विकीन." अण्णांनी पांघरूण तेवढं नीट केलं.

तीन महिन्यांनी तालमीला उभी राहिले. "काळी पाच," अण्णा म्हणाले आणि सूर दिला. आवाज जरा जाड लागला, पण लागला हो! वरचा सा देखील लागला. मी नाचायचीच बाकी होते. पुढे मेधाताईंनी शेवटच्या गाण्यात एक बदल केला. त्यात फुलवालीची "झेंडू घ्या हो" अशी उंच, लांब हाक होती. "दिवसभर ओरडून ती दमली असणार ना? हाक खाली येऊ दे," त्या म्हणाल्या. त्या खालच्या हाकेला लोक डोळे पुसायचे. मला वाटायचं, काय अभिनय करतेय मी!

अशी कितीतरी वर्षं गायले...

परवा अण्णांसाठी म्हणून त्याच हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. दुपारी तालमीला आम्ही तिघंच. अ‍ॅकॉर्डियनशिवाय हॉल मोठा वाटत होता. "काळी पाच दे रे," मी सलीमला म्हटलं. त्यानं मेधाताईंकडे बघितलं. मग मला विचारलं, "ताई, खरी देऊ, की अण्णांची?"

"पट्टीत खरी-खोटी काय असतं रे?"

त्यानं खरी दिली. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला आणि मी खोकत खाली बसले. मग त्यानं अण्णांची दिली. ती अलगद लागली. "ही काळी तीन, ताई," तो म्हणाला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझ्या ऑपरेशनपासून," मेधाताई म्हणाल्या. "आधी काळी चार, मग थोडी थोडी खाली. आम्हाला त्यांनी शपथ घातली होती, शोभा. म्हणाले, तिला कळलं तर ती बाई खरंच फुलं विकत बसेल."

अस्सा संताप आला! इतकी वर्षं मला वेड्यात काढलं? सगळ्यांनी मिळून? पर्स उचलली आणि तडक निघाले. जिन्यात आल्यावर लक्षात आलं, की जाऊन भांडायचं कुणाशी? अण्णांचं दुकान बंद होतं. मग पायरीवर बसून भोकाड पसरलं, लहान पोरीसारखं. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच रडले. त्यांनी मला माझा शब्द मोडायला लावला नव्हता. मी घातलेली अट त्यांनी नावापुरती सांभाळली होती, माझ्या आयुष्यातलं सगळं गाणं मला मिळावं म्हणून. नाहीतर त्या खाटेवरच संपले होते की मी.

संध्याकाळी हॉल भरला. मी माईक घेऊन म्हणाले, "मंडळी, माझा गळा आता काळी पाचचा राहिलेला नाही. मी काळी तीनमध्ये गाते. अण्णांनी ते सांभाळलं होतं, मला आजच कळलं." पुढच्या टेबलावरचे एक आजोबा ओरडले, "गा की बाई, कुठंही गा!" सगळे हसले, मीही हसले. आणि गायले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच स्वतःची पट्टी ठाऊक असताना. टाळ्या आल्या. दयेच्या नव्हत्या, एवढं मला कळतं.

आवरताना मी सलीमला दम भरला, "हे बघ, गळा अजून उतरला तर मला सांगायचं. लपवाछपवी नाही चालणार."

"बरं, ताई," कीबोर्डची वायर गुंडाळत तो म्हणाला. माझ्याकडे काही त्यानं बघितलं नाही.

मीही पुढे विचारलं नाही.