सरकीच्या खोलीतली कबुली

आमचे हेडमास्तर कुठल्याही वर्गात शिरण्याआधी व्हरांड्यात दोनदा खाकरत आणि मग मुद्दाम सावकाश चालत. "माणसाला सावरायला वेळ द्यावा," म्हणत. चोरपावलांनी जाऊन पोरं पकडणाऱ्या आम्हा मास्तरांना हा शुद्ध वेडेपणा वाटे. तुम्हालाही वाटला असता.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. धुळ्याहून चाळीसगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, कापसातून सरकी काढणाऱ्या, पण बंद पडलेल्या जिनिंगच्या इमारतीत आमची शाळा भरे. मागच्या अंगाला सरकी साठवायची एक खोली होती. खिडकी नाही, भिंती हातभर जाड, आढ्याला कापसाचे जुने पुंजके लोंबत. आत बोललेला शब्द ओठांतून सुटताच नाहीसा होई. भरदुपारीसुद्धा तिथे माझ्या अंगावर काटा येई.

या खोलीचा हेडमास्तरांनी, म्हणजे पोरांच्या मोठ्या गुरुजींनी, एक रिवाज पाडला होता. ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्याने आत जायचं, दार लोटायचं, मोठ्याने सांगायचं आणि बाहेर यायचं. कुणी ऐकायचं नाही, कुणी विचारायचं नाही. मास्तरांनाही तीच मुभा.

तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, "नीतिशिक्षणाचा तास वेळापत्रकात दिसत नाही?"

"तो त्या खोलीत भरतो," हेडमास्तर म्हणाले.

"शिकवतं कोण?"

"कुणीच नाही, साहेब. कुणी असलं की पोरं खोटं बोलतात."

साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि चहा न घेताच निघाले.

गंमत म्हणजे पोरं खरंच जात. मला मात्र खात्री होती की म्हातारा कुठूनतरी ऐकतो. मी तेव्हा पंचविशीचा, अंगात अतिशहाणपणा भरपूर. एक दिवस आत जाऊन मी ठणकावून खोटंच सांगितलं, "सहामाहीचा गणिताचा पेपर मी एका पोराला आधी दाखवला." आणि आता काय होतं याची वाट पाहत बसलो.

काहीच झालं नाही. वार्षिकचे पेपर त्यांनी माझ्याच हाती दिले. "तुमच्याकडेच असू द्या," एवढंच म्हणाले. म्हणजे ते खरंच ऐकत नव्हते! मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

मग मार्चातल्या एका टळटळीत दुपारी, शाळा सुटल्यावर, मी मागच्या अंगाला गेलो. खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत त्यांचा आवाज. मी निघून जायला हवं होतं. गेलो नाही, दाराला कान लावला.

"त्या दिवशी मी खाकरलो नाही," ते भिंतीला सांगत होते. "नको ते कानावर पडलं. पेपर त्याच्याच हाती दिले, पण मनात किंतु ठेवून दिले. विश्वासाचं सोंग केलं. आता पोरांना कुठल्या तोंडाने शिकवू?"

ते कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असावेत तसे थांबले होते.

"सर, ते खोटं होतं," एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग चोरून ऐकल्याचंही सांगावं लागलं असतं. उद्या सांगू, परीक्षा संपल्यावर सांगू, असं करता करता मे उजाडला आणि सुट्टीत ते आपल्या गावी वारले. एक भला माणूस मला लबाड समजून गेला, आणि तसं समजल्याची लाजही स्वतःच बाळगून गेला. हे मला आजही सोसत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी खोलीत गेलो. दार लोटून सगळं सांगितलं, कान लावल्याचंसुद्धा. सांगून झालं तरी पाय निघेना. समोरच्या अंधारात कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटत राहिलं.

बाहेर आलो तर पाचवीतली एक मुलगी दप्तर छातीशी धरून ताटकळत होती. मी बाजूला झालो.

"जा गं, खोली रिकामी आहे."

ती जागची हलली नाही. उघड्या दारातून आत बोट दाखवत हळूच म्हणाली, "मोठा गुरुजी मझार आजून बोली राह्यनात. त्यास्नं व्हई जाऊ द्या, मंग मी जासू."