पंख्यापुढची फट

आमच्या ह्यांना फट दिसली की चैन पडत नाही. दाराची असो, खिडकीची असो. बिरवाडीच्या एका कारखान्यात पंप बसवण्यात ह्यांची उमर चालली आहे. तिथे जोड सैल राहिला की बोंब होते, म्हणून घरातही सगळं घट्ट. लोणच्याची बरणी उघडायला मला शेजारीण बोलवावी लागते.

अशा माणसाने रिमोटवर पळणारी शर्यतीची नवी बोट बांधायला घेतली, तीही माझ्या स्वयंपाकघरात. कारण धाकटा दीर. गेल्या शिमग्याला तो मुंबईहून आमच्या गावी, कुडपणला, तयार बोट घेऊन आला. गावाखालच्या बंधाऱ्यात तिने ह्यांच्या जुन्या बोटीला मागे टाकलं, आणि दीर चारचौघांत म्हणाला, "दादा, मुंबईला आला असतास तर काहीतरी शिकला असतास." हे हसले, पण तोंड उतरलं ते उतरलंच. आईवडिलांपाशी कुणीतरी हवं म्हणून मागे राहिलेला माणूस हा. पुढच्या शिमग्याला भावापुढे जिंकायचं, एवढंच ह्यांच्या डोक्यात राहिलं.

अशा बोटीत मोटरीची ताकद मागच्या पंख्यापर्यंत नेणारा दांडा असतो. तो बारीक तारा पिळून केलेला, लवचीक. पितळी नळीतून तो मागच्या आधारापर्यंत जातो आणि आधाराच्या पलीकडे पंखा. हे सगळं ह्यांनी ग्रीस लावून इतक्या निगुतीने बसवलं, की लग्नात मला हार घालतानाही एवढी काळजी घेतली नव्हती. पंखा आधाराला अगदी चिकटवला. फट म्हणून नाही.

शिमग्याच्या आदल्या दिवशी बंधाऱ्यावर सोडली, तर हळू छान चालली आणि वेग वाढवला की मोटर कण्हून गप्प. ह्यांनी घरी आणून मोटर उघडली, नळी पुन्हा सरळ केली, स्क्रू आणखी आवळले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मामंजी अंगणात बैलाचं दावं वळत होते. त्यांनी एक टोक ह्यांच्या हातात दिलं. पीळ चढत गेला तसे हे पुढे सरकू लागले.

"बाबा, वढताव कशाला?"

"मी कुटं वढतोय? पीळ बसला का दोरी आखडते. आज बघतोस का?"

ह्यांनी टोक टाकलं आणि घरात धूम ठोकली. मामंजींचा पीळ उलगडला आणि शिव्या मला ऐकाव्या लागल्या. पण ह्यांना दुखणं सापडलं होतं. जोर आला की तारांचा दांडाही तसाच आखडतो, पंख्याला पुढे ओढतो आणि पंखा आधाराला घासून अडकतो. तिथे नाण्याच्या जाडीएवढी फट सोडायला हवी होती. ती सोडताना ह्यांचा चेहरा लेक सासरी पाठवल्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर सगळा गाव. दिराने यंदा मोठी मोटर स्वतः बसवून आणली होती, आणि पाण्यात सोडताच ती कण्हून गप्प झाली. आमची बोट एकटीच पळून जिंकली असती. मी कानाशी लागले, "अहो, आज तरी गप्प बसा." पण ह्यांनी पाना कधीच हातात घेतला होता. भावाच्या बोटीचा पंखा मागे सरकवला, फट बघितली, "जा, आता सोड," म्हणाले.

आणि दिराची बोट हातभर पुढे राहून जिंकली. मोठी मोटर ती, दुसरं काय होणार? मी दात-ओठ खात उभी. लोक दिराची पाठ थोपटायला गेले, तर तो बोट उचलून ह्यांच्याकडे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला ही धड बसवता आली नाय. दादानं बसवली म्हणून पळाली."

ह्यांनी दोन्ही बोटी मांडीवर घेतल्या आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. माझे डोळे भरून आले, आणि ते कुणी बघू नये म्हणून मी ह्यांच्यावरच ओरडले, नव्या सदऱ्याला ग्रीस लावलंत म्हणून.