माझ्या डोक्यावरची आन

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आधी माफी मागतो. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. पुस्तकं उशिरा वाचायला लागलो, आणि लिहायला बसलो की माझी वाक्यं परीक्षेच्या उत्तरासारखी होतात. त्यात हे सगळं माझ्या आईबद्दल आहे, तिच्या मशेरीबद्दल. घरातली गोष्ट चारचौघांत मांडणारा मी कोण, असंही वाटतं. पण माझा राग काही केल्या खाली बसत नाही. बोलायला गेलो तर आवाज चढतो आणि समोरचा उठून जातो. कागद उठून जात नाही, म्हणून लिहितोय.

आईला आम्ही माय म्हणतो. माय मशेरी लावायची. आमच्याकडं बायकांच्या मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांवर घासायची. भाजताना सगळ्या घराला ठसका लागतो. माय लहान असताना तिची दाढ दुखायची, तेव्हा तिच्याच आईनं पहिलं बोट लावलं. दाढ गेली, मशेरी राहिली. पुढं पोट साफ व्हायला मशेरी, शेतात भूक मारायला मशेरी, आणि वडील गेले तेव्हा रडू आवरायलाही मशेरीच. पुरुषांचं वेगळं असतं. ते पारावर बसून तंबाखू मळतात, एकमेकांपुढं तळहात करतात, आणि नाही म्हणणाऱ्याचा त्यांना राग येतो. बायका भिंतीकडं तोंड करून घासतात.

वडील गेल्यावर आम्ही मामाच्या गावी येऊन राहिलो. गाव लातूरपासून फार लांब नाही. तिथल्या शाळेत मायला खिचडी शिजवायचं काम मिळालं. त्या कामावर तिचा भारी जीव. कोणत्या पोराला तिखट चालत नाही, कोण घरून उपाशी येतं, हे तिला पाठ. गेल्या वर्षी शाळेच्या नळाजवळ शेवाळावर तिचा पाय घसरला आणि उजवा हात मोडला. प्लॅस्टर घातलं, प्लॅस्टर निघालं, आणि एक्स-रेत दिसलं की हाड जुळलेलंच नाही. मुख्याध्यापकांनी तात्पुरती म्हणून दुसरी बाई लावली. हात बरा झाला तर काम परत मिळणार होतं, नाहीतर नाही.

लातूरच्या डॉक्टरांकडं मी तिला घेऊन गेलो. त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं.

"काय खाता?"

"काय न्हाई, साहेब."

"मग हे काळं काय आहे?"

"मशेरी हाय ती."

"म्हणजे तंबाखूच ना! यानं हाडाला नीट रक्त पोचत नाही. हाड जुळणार कसं? ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागेल, पण हे बंद केल्याशिवाय मी हात लावणार नाही." मग माझ्याकडं वळून, "तू कॉलेजला ना? घरात काय चाललंय ते दिसत नाही का?"

त्यांनी सांगितलं ते खरं होतं, हे मला तेव्हाही पटलं. पण दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर बसलेली सगळी माणसं मायच्या तोंडाकडं बघत होती. बंद करा, एवढंच सांगितलं. कसं बंद करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. बाहेर आल्यावर माय पदरानं पुन्हा पुन्हा ओठ पुसत राहिली.

संध्याकाळी मामानं आमच्या घरी बैठकच भरवली. मामा मायचा थोरला भाऊ. त्याच्या गालात कायम गुटखा असतो, आणि पिंक सांडू नये म्हणून तो मान वर करून बोलतो. त्यामुळं तो आपल्याशी नाही, आढ्याशी बोलतोय असं वाटतं.

"जरा लाज धर," तो आढ्याला म्हणाला. "पोरगं नांदेडला शिकायलंय अन् तू बसली दात घासत."

"सोडते की, दादा."

"सोडते बिडते न्हाई. आन घे. पोराच्या डोक्यावर हात ठेव अन् म्हन."

मी म्हणालो, "मामा, ती सोडते म्हणाली ना? आन कशाला?"

"तू गप. कालेजात गेला म्हनून लई शाना झालास व्हय?"

माय म्हणाली, "माज्या डोळ्याची घेते, दादा. लेकराची नगं."

"न्हाई. त्याच्याबिगर तुला धाक बसायचा न्हाई."

मायनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.  "म्या पुन्हा मशेरी लावली तर..." इतकंच ती बोलली. पुढचं मामानं बोलून पूर्ण केलं. ते मी इथं लिहीत नाही.

मी नांदेडला परत आलो. अहमदपूर, लोहा करत एसटी जाते, तेवढ्या वाटेत माझं एकाही गावाकडं लक्ष गेलं नाही. मला आनेची भीती वाटत नव्हती. राग याचा होता, की मायच्या हाडाचा प्रश्न होता आणि त्यावर माझा जीव तारण ठेवला गेला.

तेव्हा जीवशास्त्राच्या वर्गात मेंदू शिकवणं चालू होतं. मी वर्गात कधी प्रश्न विचारत नाही, माझी भाषा ऐकून मागं कुणीतरी हसतं. पण तास संपल्यावर मॅडमना गाठलं. मशेरीचं विचारलं, कुणाची ते सांगितलं नाही. त्या फळ्याजवळच उभ्या राहून सांगू लागल्या. निकोटीन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं. मेंदूत शरीराच्या स्वतःच्या रसायनासाठी काही जागा असतात, तिथं जाऊन ते बसतं. माणसाला बरं वाटतं. हे रोजचं झालं की मेंदू तशा जागा वाढवून ठेवतो. मग निकोटीन उतरलं की त्या रिकाम्या पडतात आणि जीव तळमळतो. चिडचिड होते, झोप येत नाही, कशातच लक्ष लागत नाही.

"माणसाला वाटतं आपल्याला टेन्शन आलंय," त्या म्हणाल्या. "मशेरी लावली की ते उतरतं. मग बाई म्हणते, मशेरीनं टेन्शन गेलं. अगं बाई, त्यातलं निम्मं मशेरीनंच आणलेलं असतं."

"आणि बाकीचं निम्मं, मॅडम?"

"ते खरोखर बाहेरून येतं. आणि ताणातला मेंदू नवी वाट शोधत नाही, मळलेली पायवाट धरतो. आवर घालणारा जो भाग असतो, हा कपाळामागचा, तोच अशा वेळी ढिला पडतो. म्हणून सोडणाऱ्या माणसावर धाक घातला तर आपण त्याला ढकलून त्याच पायवाटेवर नेतो."

मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसलो. डॉक्टर ओरडले होते, मामानं आन घातली होती, शाळेनं दुसरी बाई लावली होती. जे जे करू नये ते सगळं आम्ही मायला एका मागोमाग एक केलं होतं, तिच्या भल्यासाठी म्हणून. माझ्या अंगाची आग आग होत होती.

पावसाळ्यात हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीत डास झाले. तक्रार करूनही टाकी कुणी धुतली नाही. आमच्या मजल्यावर डेंग्यूची साथ आली आणि मीही तापानं पडलो. दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा मित्रानं घरी कळवलं. मायचा फोन येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. मला वाटलं, रुसली असेल. शेवटी धाकट्या बहिणीनं फोन केला.

"दादा, तू आधी ओरडू नको."

"नाही ओरडत. सांग."

"ती दुसरी बाई आता वर्षभर ऱ्हानार म्हनून शाळेतून निरोप आला. त्या दिशी मायनं एकदा बोट लावलं हुतं. त्याच्या दुसऱ्याच दिशी तुझ्या तापाचा फोन आला. तवापासून जेवेना, बोलेना. म्हनती, म्याच माज्या लेकराला खाल्लं. फोन घे म्हनलं तर हात लावत न्हाई. अन् आता तर..."

"आता काय?"

"आता समदा दिवस मशेरी लावती. मोरीत जाऊन."

ताप उतरला तसा मी घरी गेलो. मायनं आधी माझा दंड चाचपला, मग गाल, मग पुन्हा दंड. "वाळलास रं," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी तिच्याजवळ बसून सगळं समजावलं. मेंदू, रिकाम्या जागा, पायवाट. शेवटी म्हणालो, "माय, मला डास चावला. त्या डासाला तुझी मशेरी ठाऊक तरी आहे का?"

"डास तर समद्यांनाच चावले असतील. तुलाच का ताप आला?"

"आमच्या निम्म्या मजल्याला आला."

"त्यांच्या माया बी काय काय करत असतील, बाबा."

 मी शिकलेलं सगळं तिनं ऐकून घेतलं होतं आणि त्यातलं काही खोटं आहे असंही तिचं म्हणणं नव्हतं. "तू म्हनतो ते समदं खरं," ती म्हणाली, "पर आन म्या घेतली हुती."

बहीण उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "मग सुटली म्हन की, दादा. ज्याची आन असती त्यानं सुटली म्हनलं की सुटती."

लहानपणी खेळताना आम्ही हेच करायचो. कुणी शपथ घातली की दुसरा मागं लागायचा, सुटली म्हण, सुटली म्हण. जीवशास्त्र शिकणाऱ्या पोरानं हे करावं का, असं क्षणभर मनात आलं. पण मायनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. मी तिचा डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. "आन सुटली," म्हणालो.

"तीनदा म्हन. नीट म्हन."

मी नीट म्हटलं. तेवढ्यात मामा दारात. "काय पोरखेळ लावलाय रे? आन अशी सुटत असती व्हय?"

"कशी सुटते मग, मामा?" माझा आवाज चढला होता. "तुमचा लेक शाळेतून येईल आता. त्याच्या डोक्यावर हात ठेवा आणि गुटख्याची आन घ्या. मग मी ही आन परत घालून घेतो."

"माझी गोष्ट येगळी हाय..." म्हणताना त्याची मान खाली आली आणि पिंक सदऱ्यावर ओघळली. बहीण फस्कन हसली. मला हसू आलं नाही. मला त्याचा सदरा धरावासा वाटत होता. माय म्हणाली, "दादा, तू घरी जा." मोठ्या भावाला जा म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

आन सुटली म्हणून मशेरी सुटली, असं मी म्हणणार नाही. तिच्या मनातली माझ्या मरणाची भीती तेवढी गेली. बाकीचं फार लांबलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवणाऱ्या एक ताई भेटल्या. त्यांनी मायला एवढंच सांगितलं, की तलफ लाटेसारखी येते आणि ओसरते, तेवढा वेळ कुणाजवळ तरी बसा, आणि चुकून लावलीत तर लपवू नका, येऊन सांगा. माय चुकायची आणि फोनवर सांगायची, "आज लावली रं." मी बरं म्हणायचो. ते बरं म्हणताना दात आवळावे लागायचे, हे कबूल करतो. हाडाच्या डॉक्टरांनाही तिनं खरं तेच सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा ओरडून परत पाठवलं. खरं बोलणाऱ्या बाईला असं परत पाठवतात, म्हणून तर बायका खोटं बोलतात. शेवटी मशेरी बंद राहिली तेव्हा ऑपरेशन झालं, प्लेट बसली.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टींची वाट बघत होतो, हाडाची आणि शाळेची. परवा मी कॉलेजच्या व्हरांड्यात होतो, तेव्हा बहिणीचा फोन आला.

"दादा, हाड जुळलं! डॉक्टरनं फोटू दाखवला."

मग मायनं फोन घेतला. "शाळेत जाऊन आले," म्हणाली.

"काय म्हणाले?"

"त्या बाईलाच कायम केलं. मोडक्या हातानं पातेलं उचलंल का, म्हनले. म्या त्यांच्यापुढं भरली घागर उचलून दावली. बघितली बी न्हाई."

 माझ्या तोंडात शिव्या येत होत्या फक्त. 

"माय, मग तू..."

"लई मन झालं रं. आपल्या घरात डबी न्हाई, पर शेजारनीकडं हाय. तिच्या दारात गेले बी," ती म्हणाली. "अन् माघारी आले."